मील प्रेप सुरू केलं, पण चौथ्या दिवशी जेवण खाववत नाही. कुठे चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे सातही डबे भरून ठेवता, दोन दिवस बरे जातात, मग भात दाताखाली टोचायला लागतो, भाजीला पाणी सुटतं आणि शेवटचे दोन-तीन डबे कचऱ्यात जातात. तुमच्या स्वयंपाकात काही चूक दिसत नाही, दिवसांचा हिशोब मात्र चुकलाय. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. तेही फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असेल तर. पुढच्या दिवसांचं एक तर फ्रीझरमध्ये जायला हवं किंवा मधल्या वारी पुन्हा अर्धा तास काढायला हवा.

म्हणून सुरुवातीला फक्त दुपारचं जेवण आणि फक्त तीन दिवस, एवढंच हाती घ्या. आणि तयार पदार्थ करू नका, सुटे जिन्नस शिजवून ठेवा. एकच पदार्थ तीन दिवस खायचा म्हटलं की दुसऱ्याच दिवशी कंटाळा येतो. तेच छोले आणि भाज्या एक दिवस भाताबरोबर, एक दिवस सॅलडमध्ये आणि तिसऱ्या दिवशी सूपमध्ये घातले तर तीन वेगळी जेवणं होतात.

एका माणसाच्या तीन जेवणांना एक वाटी तांदूळ (शिजून साधारण तीन वाट्या होतो), एक वाटी कोरडे छोले (शिजून अडीच वाट्यांच्या आसपास), तीन अंडी आणि पाऊण किलो भाज्या पुरतात. भाज्या जास्त वाटतील, पण भाजल्यावर बऱ्याच आटतात. ताटात अर्धा भाग भाज्या, पाव भाग धान्य, पाव भाग प्रथिनं, एवढं धरलं की कॅलरी मोजत बसावं लागत नाही. अंडी खात नसाल तर छोले वाढवा.

छोले आदल्या रात्री भिजत घाला. दुसऱ्या दिवशी आधी ओव्हन २०० अंशांवर लावा आणि भाज्या चिरून, तेल-मीठ चोळून, ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. एकावर एक ढीग झाला की त्या भाजल्या जात नाहीत, स्वतःच्याच वाफेत शिजतात. पाणी सुटलेली भाजी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. गाजर, फ्लॉवर यांना २५ ते ३० मिनिटं. सिमला मिरची, झुकिनी दहा मिनिटं उशिरा घाला. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर मोठ्या आचेवर दोन खेपांत परता. तोवर कुकरमध्ये छोले (प्रेशर आल्यावर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं), शेजारी भात, आणि अंडी दहा-बारा मिनिटं उकळून लगेच गार पाण्यात. अंडी सोलू नका. कवचासकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. छोल्यांऐवजी राजमा घेतलात तर तो भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट चांगलंच बिघडतं, आणि नुसत्या स्लो कुकरची आच त्याला पुरत नाही.

आता खरा घोटाळा होतो ती जागा: अन्न निववणं. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवायचं नाही’ म्हणून पातेलं तासन्‌तास ओट्यावर राहतं. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते उकळूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढू लागतात. त्यातून तयार होणारं एक विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासात. भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, वीसेक मिनिटांत वाफ ओसरते. मग उथळ डब्यात भरून, झाकण किंचित तिरकं ठेवून फ्रीजमध्ये. गार झाल्यावरच झाकण घट्ट लावा, नाहीतर झाकणाला साचलेली वाफ थेंबाथेंबाने अन्नावरच पडते. खोल डबा टाळाच, त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो.

फ्रीजमध्ये भात कडक होतो तो त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसल्यामुळे. वर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवून गरम करा, मऊ होतो. जेवढं खायचं तेवढंच गरम करा आणि मधूनही वाफा येईपर्यंत करा (थर्मामीटर असेल तर ७४ अंश). मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्यावर एकदा ढवळा.

काकडी, टोमॅटो आधी चिरून ठेवू नका. पालेभाजी धुऊन अगदी कोरडी करा, डब्यात खाली कागदी नॅपकिन घाला, वरही एक. ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत: दोन चमचे तेल, एक चमचा लिंबाचा रस, मीठ, मिरपूड. जेवायला बसताना घाला, कारण मीठ लागलं की पानं अर्ध्या तासात मान टाकतात. ड्रेसिंगमध्ये कच्चा लसूण असेल तर तेही फ्रीजमध्येच आणि तीन-चार दिवसांपुरतंच. तेलातला लसूण बाहेर ठेवणं खरोखर धोक्याचं आहे.

फ्रीझरला छोले, राजमा, दाट सूप उत्तम. उकडलेल्या अंड्याचं पांढरं रबरासारखं होतं, बटाटा भुसभुशीत. पाणी गोठताना फुगतं, म्हणून डबा गळ्यापर्यंत न भरता वर दोन सेंटीमीटर जागा सोडा, विशेषतः काचेचा असेल तर. आदल्या रात्री काढून फ्रीजमध्येच वितळू द्या.

डबे नवे घ्यायची घाई नको. घरात असलेले तीन-चार उथळ डबे आणि तारीख लिहायला चिकटपट्टी एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी कोणत्या डब्यात काय उरलं ते बघा आणि पुढच्या खेपेला तोच जिन्नस कमी करा.