तेच मित्र, खेळाचा प्रकार बदलला की वेगळे का वागतात?

तुम्ही विचारलंय की टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापलं पात्र रंगवायच्या खेळांत (रोल-प्लेइंग गेम), तलवार-जादूच्या खेळात बिनधास्त असणारे मित्र भयकथेच्या खेळात एकदम जपून का खेळतात. माझ्या मते माणूस तोच असतो, पण नियम कशाचं बक्षीस देतात आणि कशाची किंमत वसूल करतात, ते बदलतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही पाच जण दर रविवारी बसतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये (१९७४ पासूनचा खेळ) आमचा एक गडी दार दिसलं की लाथच घालतो. का नाही घालणार? राक्षस मारला की अनुभवगुण मिळतात, विश्रांती घेतली की हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय त्याचा आकडा) परत भरतात. तोच गडी 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथेच्या खेळात दाराला कान लावून म्हणाला, "आत बघायलाच पाहिजे काय रे?" तिथं भयंकर काही दिसलं की सॅनिटीचा, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे त्या आकड्याचा, फासा टाकावा लागतो; फासा त्या आकड्याच्या वर गेला की सॅनिटी घटते. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात दोन दहा-पैलू फासे पडले : ८७. त्याची सॅनिटी होती ५५, म्हणजे गेलंच. मिनिटभर कुणी बोललं नाही.

चोरी-दरोड्याच्या खेळात सहसा तासभर नुसते बेत चालतात. 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये मात्र तयारी मागाहून फ्लॅशबॅकनं दाखवता येते, त्यामुळं आमची मंडळी लगेच कामाला लागतात.

म्हणून नवा खेळ लावताना पात्रं बनवायच्या आधीच सांगा, इथं पळून जाणं हीसुद्धा चांगली खेळी आहे. आम्ही पहिल्यांदा हे सांगितलं नव्हतं, आणि पहिल्याच रात्री तीन पात्रं गेली.