पूर्वपरीक्षेला बसणाऱ्या नव्या मित्रास
राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात २ तासांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम ७२ सेकंद मिळतात, आणि या हिशेबानेच तुमच्या छातीत धडधडत असेल, हे मी जाणतो. माझा पहिला प्रयत्न घाईनेच हुकला: ‘अयोग्य विधान ओळखा’ यातला ‘अ’ नजरेतून निसटला, येत असलेली उत्तरे चुकली आणि चुकीमागे पाव हिश्श्याने गुण कापले गेले ते वेगळेच. म्हणून पेपर हाती आल्यावर आधी दोन-तीन श्वास सावकाश सोडा, नकारार्थी शब्दाखाली रेघ ओढा आणि अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे चला. तेवढे क्षण वाया जात नाहीत. सरावाचे पहिले काही पेपर तर घड्याळ न लावताच सोडवा.