बॅटरी संपली तर डोळे जातील का?

प्रश्न : माझं वय ५९. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये २०० अँपची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेऊन फाटक, ग्रिल, कुंड्यांचे स्टँड अशी घरची कामं सुरू केलीत. हातात धरायच्या शील्डमुळे टाका (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारताना रॉड भलतीकडेच टेकतो. आपोआप काळं होणारं हेल्मेट दुकानात दीड हजारालाही आहे आणि नऊ हजारालाही. स्वस्तातलं घेऊ का? ऐन कामात बॅटरी संपली तर?
— एक वाचक, कराड

उत्तर : बॅटरीची भीती आधी काढून टाका. त्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा बसवलेला असतो. त्याला बॅटरी लागत नाही. काच उजळ असतानाही तो किरण अडवतो. बॅटरी लागते ती काच काळी करणाऱ्या थराला. त्यामुळे चांगल्या हेल्मेटची बॅटरी संपली तर डोळे दिपतील, तुम्ही दचकून रॉड उचलाल, पण डोळे भाजणार नाहीत.

मात्र तो थर खरोखर आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून काचेवरचा शिक्का शोधा : युरोपचा ईएन ३७९ किंवा अमेरिकेचा झेड ८७.१. युरोपच्या शिक्क्याशेजारी ४/९-१३ असं काही असतं, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर : उजळ असताना ४, काळी झाल्यावर ९ ते १३. पुढे १/१/१/२ असे चार आकडे दिसतील. ते काचेतून किती स्वच्छ दिसतं ते सांगतात, जितके लहान तितके चांगले. शिक्का नसेल तर दीड हजारही देऊ नका.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या काळं होण्याच्या वेगाला भुलू नका. एक सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग हा आकडा स्वस्त आणि महाग, दोन्हींवर असतो. त्यापेक्षा वेल्डिंगचा झगझगाट ओळखून काच काळी करायला लावणारे सेन्सर मोजा. तुम्ही फाटकं करता. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात वाकलात की आडवा पाइप सेन्सरसमोर येतो आणि काच काळी होतच नाही. दोन सेन्सर एकदम झाकले जातात, चारही सहसा जात नाहीत. तुमच्या कामाला चारच घ्या. बॅटरी बदलता येते ना, तेही उघडून बघा. स्वस्तातल्या पुष्कळ हेल्मेटांत ती आत बंदिस्त असते.

हे इतकं पोटतिडकीने सांगतोय, कारण १९८४ साली आयटीआयत शिकाऊ असताना मी ‘नुसते टाकेच तर मारायचेत’ म्हणून डोळे मिटून दिवसभर टाके मारले. संध्याकाळी काहीच नव्हतं. रात्री एकच्या सुमारास डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. हा त्रास असाच काही तासांनी उमटतो. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं, एवढंच. तुमच्यावर तशी वेळ आली तर डोळे चोळू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

अडीच एमएमचा रॉड ७०-८० अँपवर चालवताना १० नंबर ठेवा, सव्वातीनचा शंभराच्या वर चालवताना ११. उन्हात काच उगाच काळी होत असेल तर सेन्सिटिव्हिटी (सेन्सर किती उजेडाला जागा होतो ते) थोडी कमी करा. फार कमी केलीत तर बारीक आर्क (रॉडच्या टोकाची ठिणगी) ओळखली जाणार नाही. ग्राइंडिंगचं (घासकामाचं) बटण असेल तर वेल्डिंगला परतताना ते बंद केलंय ना, दर वेळी बघा. त्या मोडमध्ये काच काळी होत नाही. रोज रॉड लावण्याआधी हेल्मेट उन्हाकडे धरून काच काळी होते का, तेही पाहून घ्या.

या वयात बायफोकल असेल तर जवळचं बघायला मान मागे टाकावी लागते आणि टाका हुकतो. काचेच्या आत भिंग सरकवायची खाच असलेलं हेल्मेट मिळतं, ते बघा. शिक्का, चार सेन्सर आणि बदलता येणारी बॅटरी एवढं जुळलं, तर नऊ हजारांपर्यंत जायची गरज नाही.

आणि जुनं शील्ड टाकून देऊ नका. शेडच्या दारात कोणी ना कोणी बघायला उभं राहतंच. ते त्याच्या हातात द्या.