वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर तिकडे, आपण इकडे

घरचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर हातातल्या फोनवरून चालवताना येणाऱ्या अडचणींबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे. सेटिंग्जमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ उघडलं की तुमच्या आवृत्तीत ही सोय नाही असं दिसतं. प्रो विकत घ्यावं लागेल का? (सांगली)

एवढ्यासाठी नको. होम आवृत्तीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं, पण होमवाल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरता येत नाही. ती सोय प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्येच आहे. नेटवर होमसाठीही जुगाड मिळतात, पण विंडोजचं अपडेट आलं की ते बंद पडतात, अँटिव्हायरसही त्यांच्यावर ओरडतो. त्यांच्या नादी लागू नका.

क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे आणि होमवर चालतं. लॅपटॉपवर क्रोममध्ये रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम उघडा, रिमोट ॲक्सेस निवडा, तिथून छोटं सॉफ्टवेअर उतरवून इन्स्टॉल करा, कॉम्प्युटरला नाव द्या आणि कमीत कमी सहा आकडी पिन ठरवा. फोनवर त्याच गूगल खात्याने ॲप उघडलं की ते नाव यादीत दिसेल. त्यावर टॅप करायचं, पिन टाकायचा. लॅपटॉपवर क्रोम बंद असलं तरी हरकत नाही. हे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीत चालतं, त्यामुळे लॅपटॉप रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबला असेल तरी आत जाता येतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. घराची किल्ली आता तुमचं गूगल खातं आहे, तेव्हा त्याला दोन पायऱ्यांची पडताळणी लावाच. आणि फोनवर जे दिसतं तेच लॅपटॉपच्या पडद्यावरही दिसतं. घरी समोर कुणी बसलं असेल तर त्याला तुमचा बाण फिरताना दिसणार.

प्रश्न : घरी बसून तपासलं की सगळं जोडलं जातं. दुकानात आलो की तासाभरात ‘ऑफलाइन’. आमच्याकडे दिवसातून एकदोनदा लाइटही जाते. (नाशिक तालुका)

दहातल्या आठ तक्रारींचं मूळ इथेच असतं. ॲप बदलून काही होत नाही, कारण पलीकडचा कॉम्प्युटर झोपलेला असतो किंवा बंद पडलेला असतो.

आधी झोप घालवा. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे ‘स्क्रीन बंद’ची वेळ पाच मिनिटं राहू द्या, पण चार्जर लावलेला असतानाच्या ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. लॅपटॉप असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं. तिथे ‘डू नथिंग’ निवडा. मात्र असा लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका, तापतो. विंडोज अपडेटचे ‘ॲक्टिव्ह अवर्स’ही दुकानाच्या वेळेप्रमाणे लावा. जास्तीत जास्त १८ तास ठेवता येतात. त्या वेळात तो आपोआप रीस्टार्ट होत नाही.

आता लाइट. डेस्कटॉप सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा आणि ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘एसी बॅक’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय शोधा. तो बहुधा ‘पॉवर ऑफ’वर असतो, त्याला ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ही दिसेल, पण त्यात लाइट जाण्याआधी कॉम्प्युटर नीट शटडाउन झाला असेल तर तो बंदच राहतो. मग परीक्षा घ्या: भिंतीवरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. हात न लावता पंखा फिरला पाहिजे.

यूपीएस असेल तर एक पेच आहे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने बॅटरी कमी झाली म्हणून विंडोज शटडाउन केलं, आणि बॅटरी पुरती संपायच्या आत लाइट आली, तर मदरबोर्डच्या लेखी वीज कधी गेलीच नव्हती. मग तो सुरू होत नाही. लाइट गेल्यावर ठरावीक वेळाने स्वतःचं आउटपुट तोडणारा यूपीएस असेल तर ती सेटिंग चालू करा.

कॉम्प्युटर चालू आणि राउटर बंद, हेही फार होतं. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलं असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरची डबी आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एवढं करूनही गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीतली लाइट गेली, तर मात्र वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

‘वेक ऑन लॅन’ने झोपलेला कॉम्प्युटर फोनवरून उठवता येतो का, असंही याच पत्रात विचारलंय. येतो, पण अटी बऱ्याच आहेत. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडलेला हवा, वायफायवर क्वचितच जमतं. बायोसमध्ये वेक ऑन लॅन चालू आणि ‘ईआरपी’ (वीज वाचवणारी सेटिंग) बंद. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद, नाहीतर शटडाउन केलेला कॉम्प्युटर उठत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये कॉम्प्युटर उठवण्याची परवानगी. आणि खरी गोम पुढेच आहे: उठवणारा संदेश, म्हणजे ज्याला मॅजिक पॅकेट म्हणतात ते, घरातल्या नेटवर्कपुरतंच फिरतं. मोबाइल डेटावरून पाठवलेलं पॅकेट राउटर ओलांडून आत येत नाही. घरात सतत चालू असलेलं काहीतरी, एखादा रास्पबेरी पाय (चिमुकला कॉम्प्युटर) किंवा स्वतःच हे पॅकेट पाठवू शकणारा राउटर, हाताशी हवं. ते नसेल तर कॉम्प्युटर सरळ चालू ठेवा. नुसतं चालू राहायला ५० वॉट घेणारा डेस्कटॉप दिवसाला १.२ युनिट खातो. बिलाचा हिशेब तुम्हीच करा.

प्रश्न : हार्डवेअरवाल्याने राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून दिलं होतं, फोनवरून थेट ऑफिसचा कॉम्प्युटर उघडायचा. नवं फायबर कनेक्शन घेतल्यापासून बंद. तो म्हणतो स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा, न बदलणारा पत्ता) घ्या. घ्यावा का? (पुणे)

बंद का पडलं ते आधी. अनेक इंटरनेट कंपन्या हल्ली एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बऱ्याच ग्राहकांना बसवतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहा आणि त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं नेटवर शोधा. दोन आकडे वेगळे आले, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांच्यात कुठेतरी सुरू होत असला, तर तुम्ही कंपनीच्या भिंतीमागे आहात. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही.

स्टॅटिक आयपी घेतला तर ते पुन्हा चालेल. तरी घेऊ नका. जुनं कनेक्शन बंद पडलं हे एका अर्थी बरंच झालं. इंटरनेटवर उघडं ३३८९ शोधत यंत्रं दिवसरात्र फिरत असतात आणि सापडलं की पासवर्ड लावून पाहतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले याच दाराने आत येतात. खात्री करायची असेल तर त्या कॉम्प्युटरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिक्युरिटी, आणि क्रमांक ४६२५ ची गाळणी लावा. ही फसलेल्या लॉगिनची नोंद. दार उघडं होतं त्या दिवसांतल्या नोंदी अजून पुसल्या गेल्या नसतील, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी कुणीतरी कडी वाजवत होतं ते दिसेल. पोर्टचा आकडा बदलला की सुरक्षित, असं सांगणारे भेटतात. आकडा बदलल्याने शोधायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. आणि कधी कधी पासवर्डचीही गरज पडत नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेली ‘ब्लूकीप’ ही रिमोट डेस्कटॉपमधली खोट पासवर्डशिवाय आत घेणारी होती. ती इतकी गंभीर होती की २०१४ साली निरोप दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली.

मग करायचं काय? कॉम्प्युटर आणि फोन यांना एका खाजगी नेटवर्कमध्ये घ्या. त्यासाठी टेलस्केल हे ॲप सोपं आहे, वैयक्तिक वापराला फुकट आहे आणि कंपनीच्या भिंतीमागूनही जोडून देतं. दोन्हीकडे इन्स्टॉल करा, एकाच खात्याने साइन इन व्हा. कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. (हा पत्ताही वर सांगितलेल्याच पट्ट्यातला असतो, घोटाळा करून घेऊ नका.) विंडोज प्रोमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करा, फोनवर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ॲपमध्ये ‘पीसी’ जोडून तो पत्ता टाका. राउटरमधलं जुनं पोर्ट फॉरवर्डिंग आठवणीने काढून टाका.

इथे लोक अडकतात ते असं. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची ओळख ठरलेल्या मुदतीने, न बदलल्यास १८० दिवसांनी, संपते. सहा महिने सुरळीत चाललेलं एके दिवशी तुम्ही गावाला असतानाच बंद पडतं. म्हणून त्यांच्या वेबपानावर जाऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरती ‘की एक्स्पायरी’ बंद करा. तसंच विंडोजवरच्या टेलस्केलमध्ये ‘रन अनअटेंडेड’ला खूण करा, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर कुणी लॉगिन करेपर्यंत ते जोडलं जाणार नाही. आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन (टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क) चालतो. दुसरा कुठला चालू केलात की टेलस्केल सुटतं.

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरताना तिकडचा पडदा लॉक होतो. त्याच कॉम्प्युटरवर कुणी बिलं करत बसलं असेल तर तुम्ही फोनवरून शिरताच त्यांचा पडदा जाईल. आधी फोन करून सांगा. आणि ऑफिस तुमचं स्वतःचं नसेल तर हे काहीही करण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांची परवानगी घ्या.

प्रश्न : पत्ता बरोबर, पिनही बरोबर, तरी ‘पासवर्ड चुकीचा’ येतं. (लातूर)

विंडोजचा पिन त्या कॉम्प्युटरपुरताच असतो, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला तो चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड द्या. तोही नाकारला जात असेल तर बहुधा त्या कॉम्प्युटरवर पासवर्डने कुणी कधी आतच गेलेलं नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे ‘फक्त विंडोज हॅलो’ची (पिन, बोट किंवा चेहऱ्यानेच उघडण्याची) सक्ती बंद करा, कॉम्प्युटर लॉक करा आणि एकदा पासवर्ड टाकून उघडा. फोनवर वापरकर्त्याच्या नावात रोमन लिपीत ‘मायक्रोसॉफ्टअकाउंट’ हा जोडशब्द, मग उलटी तिरपी रेघ, मग पूर्ण ईमेल असं लिहा. पासवर्डच नसलेलं खातं बाहेरून आत घेतलं जात नाही. तसं असेल तर वेगळा लोकल यूजर करा, त्याला लांब पासवर्ड द्या आणि रिमोट डेस्कटॉपच्या यूजर यादीत त्याचं नाव घाला.

प्रश्न : फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं, क्लिक भलतीकडेच होतं. (डोंबिवली)

‘टच’ऐवजी ‘ट्रॅकपॅड’ किंवा माउस पॉइंटर पद्धत निवडा. मग बोट कुठेही फिरवा, बाण त्याप्रमाणे सरकतो. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये दोन बोटांनी टॅप म्हणजे राइट क्लिक, बोट दाबून धरून सरकवलं की ओढणं. विंडोज ॲपमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १२८० बाय ७२० च्या आसपास आणा, अक्षरं मोठी होतात आणि डेटाही कमी लागतो.

प्रश्न : प्रेसच्या कॉम्प्युटरवर पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्री-लिपी (मराठी फॉन्ट आणि कीबोर्डचं सॉफ्टवेअर) आहे. फोनवरून मराठी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात. (कोल्हापूर)

फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच संकेतातली, अक्षरं पाठवतो. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. जुन्या फॉन्टांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि कोणती कळ दाबली त्यावरून तिकडचं कीबोर्ड सॉफ्टवेअर योग्य आकार टाकतं. फोनचा पडद्यावरचा कीबोर्ड बहुतेक वेळा कळ पाठवतच नाही, तयार अक्षर पाठवतो. त्यामुळे ते सॉफ्टवेअर बाजूलाच राहतं.

उपाय म्हणजे ब्लूटूथचा किंवा ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या तारेने) जोडलेला खराखुरा कीबोर्ड. फोनमध्ये त्याची भाषा इंग्रजी ठेवा आणि मराठी मांडणी फक्त प्रेसच्या कॉम्प्युटरवर चालू करा. दोन्हीकडे मराठी ठेवलीत तर खिचडी होते. दोनचार अक्षरांची दुरुस्ती असेल तर तो शब्द पानातच दुसरीकडे शोधून कॉपी-पेस्ट करणं लवकर होतं. मजकूर मोठा असेल तर फोनवर युनिकोडमध्ये लिहा, ईमेल करा आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टात बदला. बदलल्यावर रफार आणि ‘दऱ्याखोऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र डोळ्यांनी तपासा. मोडतो तो हमखास तिथेच.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची एकच एक्सेल फाइल बाहेरून बघायची असते. कोणतं ॲप घेऊ? (रत्नागिरी)

कोणतंच नको. ती फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवा, फोनवर उघडेल. कॉम्प्युटर बंद असला तरी.

प्रश्न : ‘बँकेतून’ फोन आला, केवायसीसाठी फोनवर एनीडेस्क ॲप टाका आणि त्यात दिसणारा नंबर सांगा म्हणाले. (सोलापूर)

फोन ठेवा. तो नंबर सांगून समोरच्याची विनंती मान्य केली की तुमचा पडदा त्याला दिसतो, ओटीपीसकट. ॲप स्वतः खोटं नाही, पण याच पद्धतीच्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. नंबर आधीच सांगून बसला असाल तर पहिल्यांदा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर हे पहिल्या तासाभरात करा.