वाचकांचे प्रश्न: ग्रीकांचं आडनाव काय?

प्रश्न (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ): आमच्या गावात चार विठ्ठल आहेत, बापाचं नाव अन् आडनाव लावल्याशिवाय कोणता ते कळत नाही. तत्त्वज्ञ सॉक्रेटिस, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस या जुन्या ग्रीकांचं मात्र एकेकच नाव. मग एका नावाचे दोघं निघाले तर?

उत्तर: निघत, आणि पुष्कळ निघत. पुस्तकं फक्त पहिलं नाव छापतात, एवढंच. अथेन्सच्या नागरिकाचं पूर्ण नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, षष्ठी लावून बापाचं, आणि ज्या 'डीम'च्या, म्हणजे गावाच्या किंवा वस्तीच्या, यादीत घराणं नोंदलेलं त्याचं. पेरिक्लीस क्सांथिप्पू खोलार्गेउस, म्हणजे खोलार्गोस डीममधल्या क्सांथिप्पोसचा पेरिक्लीस. "कोनाचा व्हय गा तू?" याचं उत्तर नावातच! इ.स.पू. 508-07 मध्ये अथेन्सचा पुढारी क्लेइस्थेनीस याने ही नोंद घालून दिली, असे 139 डीम होते. डीम बापाकडून येई आणि बिऱ्हाड हललं तरी बदलत नसे. उमरेडकर चार पिढ्या अमरावतीत राहिले तरी उमरेडकरच, तसं. विदिशेजवळच्या बेसनगरच्या स्तंभावर ब्राह्मीत ग्रीक राजदूत हेलिओडोरसची ओळखही अशीच आहे: दियाचा पुत्र, तक्षशिलेचा.

फसगत होते ती बाप आणि सन न पाहिल्यामुळे. डेमोस्थेनीस दोन. अल्किस्थेनीसचा मुलगा सेनापती, इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीत मारला गेला. वक्ता डेमोस्थेनीस पायानिया डीमचा, मृत्यू इ.स.पू. 322, त्याच्या बापाचं नावही डेमोस्थेनीस! बहुधा मात्र थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देत, त्यामुळे नाव एक पिढी सोडून परत येतं. मॅरेथॉनची लढाई जिंकणाऱ्या सेनापती मिल्टिआडीसचा बाप किमोन आणि मुलगाही किमोन.

प्रतिष्ठित घरच्या हयात बाईचं नाव कोर्टातल्या भाषणांत शक्यतो घेत नसत. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, एवढंच.

प्रश्न (त्याच वाचकाचा): या नावांना अर्थ असतो का?

उत्तर: बरीच नावं दोन शब्द जोडून केलेली. थेओस म्हणजे देव, डोरोन म्हणजे देणगी. त्यातून थिओडोरोस, आणि उलटं जोडलं की डोरोथिओस. 'हिप्पोस' म्हणजे घोडा. घोडा पाळणं श्रीमंताचं काम, म्हणून हा तुकडा मोठ्या घरात आवडता. पण दोन तुकड्यांचा मिळून अर्थ लागेलच असं नाही. अरिस्टोफेनीसच्या 'ढग' या नाटकात (इ.स.पू. 423) मुलाच्या नावावरून नवराबायकोचं भांडण होतं. तिला 'हिप्पोस' हवा, त्याला आजोबांचं फेडोनिडीस, ज्यात 'काटकसर' आहे. तडजोड म्हणून ठरतं फेडिप्पिडीस, काटकसर अधिक घोडा. पुढे हाच पोरगा घोड्यांच्या नादात बापाला कर्जात बुडवतो.