फोन न जोडता स्मार्टवॉचची वेळ जीपीएसवरून आपोआप लागते का?

लागते, पण घड्याळात तशी सोय हवी. तुम्ही म्हणता, ट्रेकला फोन बंद असतो आणि चार्जिंग संपून घड्याळ पुन्हा सुरू झालं की भलतीच वेळ दाखवतं. अशा वेळी मोकळ्या आभाळाखाली जाऊन घड्याळातलं 'चालणे' किंवा 'धावणे' सुरू करा आणि उपग्रह सापडेपर्यंत थांबा. माझ्या गार्मिनवर सिग्नल मिळताच आकडे डोळ्यांदेखत बदलतात. सेटिंगमध्ये वेळ 'ऑटो'वर आहे ना, तेवढं आधी बघा. काही घड्याळं मात्र जीपीएस असूनही वेळेसाठी फोनचंच तोंड बघतात. त्यांच्यापुढे इलाज नाही.

वेळ लागली, पण नेमकी १८ सेकंद पुढे दिसतेय? घाबरू नका, घड्याळ बिघडलेलं नाही. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून सलग मोजली जाते. आपल्या वेळेत अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला जादा सेकंद, घातले गेले (शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला), जीपीएसच्या वेळेत नाही. म्हणून हा फरक. तो वजा करायची सूचनाही उपग्रहच देतो, पण त्याचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येतो. स्वतःची वेळ तो दर ६ सेकंदांनी सांगतो. १८ सेकंदांचा हिशेब मात्र साडेबारा मिनिटांच्या पूर्ण संदेशात एकदाच येतो. एरवी घड्याळाला तो आकडा पाठ असतो, सगळं रिसेट झालं तरच ही पंचाईत. पंधरा मिनिटं गच्चीवर ठेवून द्या आणि तोवर चहा घ्या.

आता साडेपाच तासांचं. उपग्रह भारताची वेळ सांगत नाही, जागतिक वेळ सांगतो. आपण कुठे उभे आहोत ते ओळखून साडेपाच तास मिळवायचं काम घड्याळाचं. त्यामुळे संदकफूसारख्या नेपाळच्या सीमेवरून जाणाऱ्या वाटेवर ते अचानक पंधरा मिनिटं पुढे गेलं तर नवल नको, नेपाळची वेळ तेवढी पुढेच आहे. अशा ट्रेकला मी टाइम झोन हाताने भारताचा लावून टाकतो.

आणि घड्याळ जुनं असेल, वेळ बरोबर पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसत असेल, तर तो आठवड्यांच्या मोजणीचा घोळ. उपग्रह तारीख आठवडे मोजून सांगतो आणि हा आकडा १०२४ झाला की शून्यावर येतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो असाच फिरला. तिथे गच्चीवर कितीही वेळ ठेवून उपयोग नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट टाकावं लागेल.