अजून साडेचार किलो चढवायचे आहेत

"मॅडम, अजून साडेचार किलो राह्यले," ताई खुर्चीत बसत म्हणाल्या.

"उतरवायचे?"

"नाही जी. चढवायचे."

तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाला बसते. साखर, बीपी, वजन याच तक्रारींची माणसं रोज समोर असतात. वजन वाढवायचं म्हणून हिशेब मांडून आलेली बाई मात्र पहिल्यांदाच पाहिली. बेचाळीस वर्षांच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. गुडघ्यांमुळं दोन हंगाम कापूस वेचायला गेल्या नव्हत्या, रात्री घोरणं इतकं की सासूबाई पडवीत झोपायला गेल्या होत्या. नागपूरच्या सर्जननी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. विमा कंपनीनं अर्ज परत पाठवला: बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) 37.5, अटीत बसत नाही. मग भाच्यानं मोबाइलवर गणित केलं. 40 पाहिजे म्हणजे वजन 102 किलोच्या वर हवं. 96 होतं. पंधरा दिवसांत रात्रीचा भात दुप्पट करून ताईंनी ते 98 वर नेलं होतं. घरी मोजायची सोय नाही, म्हणून सोयाबीन मोजायच्या काट्यावर उभ्या राहायच्या.

हसू नका. या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हीच भीती असते, फक्त ती उलट्या बाजूनं विचारली जाते: "डॉक्टर म्हणतात ऑपरेशनआधी वजन उतरवा. उतरलं तं विमावाले नाही म्हणतीन ना?"

ताईंची साखर त्या दिवशी बोटातून घेतली. 318. भाताची किंमत तिथं दिसत होती.

मी त्यांचे कागद मागितले. महाबीजच्या रिकाम्या पिशवीतून एकेक निघाले. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर उंची लिहिली होती 5 फूट 3 इंच. "मोजली होती का?" तर नाही, विचारली होती. ताईंनी लग्न जुळवताना बायोडाटात लिहिलेली उंची सांगितली होती. आमच्याकडं त्यांना चप्पल काढून, आंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर आडवी पट्टी ठेवून पेन्सिलनं खूण केली. 154 सेंटिमीटर. सहा सेंटिमीटर वरसंशोधनात गेले होते! 96 किलोला 160 सेंटिमीटरनं 37.5 येतं, 154 नं 40.5. म्हणजे ज्या दिवशी अर्ज परत आला त्या दिवशीही ताई 40 च्या वर होत्या. दोन किलो चढवले, साखर चढवली, सगळं फुकट.

उंचीचा वर्ग करून त्यानं वजनाला भागतात, त्यामुळं उंचीतली छोटी चूक फार मोठी होते. माझं म्हणणं एवढंच, की अर्जाआधी उंची भिंतीला टेकून मोजून घ्या, आणि वजन दवाखान्याच्या काट्यावर, तारीख-सहीसकट. धान्याच्या काट्याला कंपनी विचारत नाही.

पण खरी गडबड पुढं होती. अर्जात मधुमेहाचा उल्लेखच नव्हता. यजमानांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं, "साखरेचं लिहू नका साहेब, जुना आजार म्हणून फेटाळतीन." ही भीती मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पॉलिसी पाच वर्षांपूर्वीची, साखर निघाली दोन वर्षांपूर्वी. म्हणजे तो पॉलिसीच्या आधीचा आजारच नव्हता. आणि आधीचा असता तरी लपवणं हा उपाय नव्हे. दडवलेलं पुढं सापडलं तर त्याच कारणानं दावा बुडतो.

आता अट काय आहे ते नीट पाहू. पॉलिसीत कशाचा खर्च मिळणार नाही, त्या कलमांची भाषा विमा नियामकानं 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचं कलम आहे. वय 18 पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा जास्त. नाहीतर 35 किंवा जास्त, पण मग सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळं झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह. शिवाय साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. डॉक्टरांचे निकष यापेक्षा सैल आहेत. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 35 च्या वर कुठलाही आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवलेली आहे. त्यामुळं सर्जन "हो" म्हणतात आणि कंपनी "नाही" म्हणते, तेव्हा दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं समजू नका. काही पॉलिसींत या शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षांची वेगळी प्रतीक्षा मुदतही असते, ती आधी वाचा.

ताईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए1सी, 9.6 होती. दोन गोळ्या चालू असताना. म्हणजे आटोक्यात न येणारा मधुमेह. त्यामुळं 40 ला धरून बसायची गरजच नव्हती, 35 चा रस्ताही मोकळा होता. मी कागदावर आकडा लिहून दिला: 83 किलो. "ताई, इतकं उतरेपर्यंत तुमचा बीएमआय 35 च्या खाली जात नाही. 98 पासून 83. पंधरा किलो मोकळीक आहे." त्यांनी तो कागद घडी करून ब्लाउजात ठेवला आणि पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला.

मग मंजुरीची फाइल नव्यानं लावली. मोजलेली उंची. उपकेंद्राच्या कार्डावरची दीड वर्षाची वजनं, ज्यात 96 चे 92 आणि पुन्हा 95 झालेले दिसत होते; "साधे उपाय फसले" याला याहून चांगला पुरावा कोणता? मधुमेहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. नागपूरला झोपेची तपासणी, तिचा रिपोर्ट. आणि सर्जनचं पत्र, ज्यात औषधं चालू असूनही साखर आटोक्यात नाही हे वाक्य स्पष्ट होतं. पहिल्यांदा क्वेरी आलीच: उंची बदलली कशी? रुग्णालयाच्या लेटरहेडवर मोजमाप पुन्हा लिहून दिलं.

कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यावा, असं नियामकाचं 2024 चं परिपत्रक सांगतं. ताईंच्या बाबतीत क्वेरी धरून चार दिवस लागले. नकार आलाच असता तर कलमासकट लेखी मागायचा, कंपनीच्या तक्रार विभागाकडं द्यायचा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावाच संपला असंही नसतं, बिलं भरून नंतर मागता येतं. पण लाखांचं बिल आधी भरायला कुणाकडं असतं, हे मलाही कळतं.

मंजुरी आल्यावर माझं खरं काम सुरू झालं. ताई दातांना तंबाखू घासायच्या. ती सुटायला पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत त्या माझ्यावर दोनदा रागावल्या. तंबाखूनं जखम उशिरा भरते, पुढं जठरात व्रण होतात, म्हणून इथं सवलत नाही. दुसरी गोष्ट रात्रीची. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं त्या उभ्या उभ्या संपवायच्या. "फेकवत नाही जी." ती भूक नव्हती, हिशेब होता. आम्ही रात्रीचा भात मोजून टाकायचं ठरवलं, आणि उरलंच तर सकाळी फोडणीचा करून मुलाच्या डब्यात. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

तिसरी प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण 60 ग्रॅम लागतात. ताई माळकरी, अंडं चालत नाही. तुरीचं वरण घट्ट, मूग, ताक, पनीर आणि उरलेलं पावडरीतून, असा मेळ आहारतज्ज्ञ बाईंनी बसवला. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, हे मी तीनदा सांगितलं आणि यजमानांकडून वदवून घेतलं.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार असतो, यकृत आकसावं आणि सर्जनना आत जागा मिळावी म्हणून. त्या वेळी ताई 91 किलोवर होत्या. पहिल्याच दिवशी सकाळी सहाला फोन आला.

"मॅडम, वजन आणखी उतरलं तं चालते ना? ते त्र्याऐंशी कागदावर लिहून हाय माझ्याजवळ."

"चालते, ताई."

"मग ठीक. आन् ताक गाळून पिऊ का तसंच?"